जोड्या लावणारं बटण

ऐन मैदानाच्या दिवशी जोड्या लावणारं बटण बंद पडलं.

वाघजाईवाडीच्या कुस्त्यांत कोण कुणाशी लढणार, हे एक्सेलच्या फाइलमधला मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या सूचनांचा संच, ठरवायचा. पहिलवानांची वजनं भरायची, बटण दाबायचं, की जोड्या हजर. पण मैदानाचे प्रमुख आबासाहेब डुबल यांना जुनं काही खपत नसे. त्यांनी आदल्याच दिवशी कॉम्प्युटरवर एक्सेलचा नवा प्रोग्राम घालून घेतला होता. आता बटण दाबावं तर कॉम्प्युटर ढिम्म. बाहेर पहिलवान लंगोट कसून उभे. कुस्ती कधी लागणार याचा पत्ता नाही, त्यामुळे जेवावं की नाही हेही त्यांना कळेना.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आला. त्याने सांगितलं, एकतर जुना प्रोग्राम परत घालू, नाहीतर फाइलमधला मॅक्रो नव्याने लिहू. आबासाहेबांनी दोन्हींना नकार दिला. गेल्या वर्षी पलीकडच्या तालमीचे येसबा वस्ताद जोड्या हाताने फिरवल्या म्हणून रुसून गेले होते. तेव्हापासून आबासाहेब हट्टाला पेटले होते.

"फाइलमधलं एक अक्षर बदलायचं नाही. नवा प्रोग्राम काढायचा नाही, त्याच्यात काही फिरवायचं नाही. आणि बटण चाललं पाहिजे. नाहीतर मैदान रद्द!"

दुरुस्तीवाल्याने पिशवी खांद्याला लावली आणि तो निघून गेला. उरली रेश्मा मुजावर. वजनं तिनेच टाइप केली होती, त्यामुळे सगळ्यांची बोटं तिच्याकडे वळली. तिने पुन्हा बटण दाबलं. वर एक पट्टी उमटली. सकाळपासून जो तो ती जाहिरात समजून बंद करत होता. रेश्माने वाचली: फाइल भरवशाच्या जागेवरून आलेली नाही, म्हणून मॅक्रो थांबवला आहे.

फाइल होती पेनड्राइव्हवर. जुन्या प्रोग्रामला ते चालायचं, नव्याला चालत नव्हतं. रेश्मा उठून आबासाहेबांकडे गेली.

"आबा, एक विचारते. तुमचा पहिलवान परगावी गेला. तिथल्या नव्या वस्तादाने ओळख नाही म्हणून त्याला दारातच अडवलं. आता पहिलवानाचे हातपाय मोडायचे, की वस्तादाला हाकलायचं?"

"दोन्ही कशाला?" आबासाहेब खेकसले. "त्या वस्तादाच्या भरवशाच्या घरी उतरवायचं पोराला. तिथून आला की कोण अडवतोय?"

"मग तेवढंच करते. हुकूम तुमचाच."

प्रोग्राम डोळे झाकून विश्वास ठेवतो असा एक फोल्डर त्याच्यातच होता. रेश्माने फाइल पेनड्राइव्हवरून उचलून त्यात ठेवली, उघडली आणि बटण दाबलं. पडदा जोड्यांनी भरला. बाहेर हलगी कडाडली.

तेवढ्यात दारातून हे सगळं पाहणारे येसबा वस्ताद मिशीला पीळ देत आत आले. फाइल हलवली म्हणजे हात लावलाच की, असं त्यांचं म्हणणं. आबासाहेबांचा चेहरा पडला. सगळे रेश्माकडे बघू लागले.

"वस्ताद," ती म्हणाली, "यंदा तुमची लेक सासरी गेली. तिचा पत्ता बदलला. म्हणून लेक दुसरी झाली का?"

येसबांनी मिशीवरचा हात खाली घेतला. मग हळूच म्हणाले, "नाही बा. अजून तशीच भांडते."

आबासाहेब इतके हसले, की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. हसू आवरल्यावर त्यांनी स्वतःच्या डोक्यावरचा फेटा रेश्माच्या डोक्यावर ठेवला आणि तिथल्या तिथे जाहीर केलं, की हिला वर्षभर पहिलवानाचा खुराक चालू: दूध, तूप आणि बदाम.

"खुराक घेते, आबा," फेटा सावरत रेश्मा म्हणाली. "पण जोर-बैठका पहिलवानांनाच लावा."