मांडव दादांचा, चूल जुईची

कॉलेज संघाचं कप्तानपद पणाला लागलं होतं. खेळ संगणकावरचा, पाळीपाळीने राज्य उभारायचा. एकीकडे तीन वर्षांचे कप्तान विक्रांतदादा घोरपडे, दुसरीकडे पहिल्या वर्षाची जुई.

दादांनी एकाच शहरात बसून नुसती फौज वाढवली. जुईने एकही सैनिक न घेता राजधानीबाहेर नदीकाठी चार खेडी वसवली.

दादांना दम निघेना. पाय हलवत ते म्हणाले, "खेळायला आलीस की भाजी पिकवायला?" आणि सगळी फौज त्यांनी तिच्या राजधानीवर घातली. जुईने नखं कुरतडली, पण वेस उघडीच ठेवली. राजधानी पडली. दादांनी टाळीसाठी हात वर केला.

पुढच्याच पाळीला त्यांच्या पडद्यावर लाल पाटी आली: धान्य संपले. राजधानीत शेत नव्हतंच, ती जुईच्या खेड्यांवर जगत होती. आता तिथली सगळी तोंडं दादांच्या गळ्यात पडली. तीन पाळ्यांत फौज उपाशीपोटी पांगली आणि जुईच्या पहिल्या शंभर सैनिकांनी राजधानी परत घेतली.

"अगं, जिंकलो होतो मी!" दादा ओरडले.

"वऱ्हाड झोकात आणलंत, दादा," जुई म्हणाली, "पण मांडव जिंकून काय उपयोग? चूल माझ्याकडेच राहिली."