दौलतशेठची धरणारी काख

लिंबाजी महाराज त्या काळात कारंजखेडला मुक्कामाला होते. देवळात नव्हे, मठात नव्हे, भरबाजारात केरोबा शिंप्याच्या दुकानाच्या ओट्यावर! इथंच का, असं कुणी विचारलं की महाराज म्हणायचे, "इथं माणसं मापं द्यायला येतात. आयती कळतात."

तर भक्तहो, त्याच ओट्यापुढं एक वाह्यात पैज लागली. समोरचे दौलतशेठ, धान्याचे आडतदार, मुलाच्या लग्नात मिरवायला स्वतःसाठी मखमलीचा कोट शिवायला टाकायला आले होते. या शेठजींनी आजवर एक कपडा पहिल्या फेरीत नेला असेल तर शपथ. घालून बघायचे, तोंड वाकडं करायचे आणि म्हणायचे, काख धरते. उसवून सैल केलं तरी काख धरते. आणखी सैल केलं की मग पोत्यासारखा दिसतो. शेजारच्या सखोबा तेल्याला त्या दिवशी खुमखुमी आली. तो म्हणाला, या खेपेला शेठ मुकाट्यानं कोट घेऊन जाणार. शेठ म्हणाले, तसं झालं तर मी या चौकात कोंबड्यासारखा आरवीन, नाहीतर तू आरवायचं. टाळ्या दिल्या गेल्या. महाराज गालातल्या गालात हसले.

हसला नाही तो एकटा हरबा. हा केरोबाचा कारागीर. काजं-बटणं करता करता बिचाऱ्याचे केस पिकले. त्या दुकानाची रीत अशी, की कात्रीला मालकाशिवाय कुणी हात लावायचा नाही. दसऱ्याला पूजा झाली की मालक ज्याच्या हातात कात्री देईल तो कापायला बसणार, मास्तर म्हणवणार. दर दसऱ्याला हरबा हात धुऊन उभा राहायचा आणि केरोबा म्हणायचा, पुढच्या वर्षी बघू. दौलतशेठची उसवाउसवी मात्र न चुकता हरबाच्याच गळ्यात. या वेळी केरोबानं चारचौघांत सांगून टाकलं, कोट पास झाला तर कात्री तुझी, परत आला तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

शेठ जाता जाता ओट्याकडं बघून म्हणाले, "काय रे हरबा, तुझे महाराज दिवसभर नुसते बसूनच असतात. त्यांना दोन बटणं तरी लावायला दे."

हरबानं मान खाली घातली. महाराज म्हणाले, "देईल, देईल. आमची पाळी यायचीय."

आता मखमलीचं कसं असतं, तिला लव असते. वरून खाली हात फिरवला तर चकाकते, उलटा फिरवला तर काळवंडते. म्हणून सगळे तुकडे एकाच दिशेनं कापावे लागतात. केरोबानं लग्नसराईच्या घाईत उजवी बाही उलटी कापली. शिवताना कापडाची आतली बाजू वर, त्यामुळं हरबाच्याही ध्यानात आलं नाही. कोट सुलटा करून खुंटीला लावला तेव्हा दिसलं. अंगभर लखलखीत आणि उजवी बाही पाण्यात बुडवून काढल्यासारखी काळी. कापड शिल्लक नाही. शेठ दुपारी घालून बघायला येणार. केरोबानं हरबालाच धारेवर धरलं, की तुझ्यासारख्याच्या हातात मी कात्री द्यायची?

हरबा तसाच उठला. कोट घेऊन ओट्यावर येऊन बसला. रडण्याइतकंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

"महाराज, कात्री नको," तो म्हणाला. "मी दमलोय. आज शेठचं बोलणं ऐकून घेता आलं, तरी पुष्कळ झालं."

महाराज म्हणाले, "आण इकडं तो कोट. मला थंडी वाजतीय."

आणि चैत्रातल्या उन्हात महाराजांनी फाटक्या कफनीवर शेठचा मखमली कोट चढवला की! हरबाचा जीव टांगणीला लागला. महाराज बाजारात हिंडले, कुणाच्या वासराला मिठी मारली, आणि वर सखोबाच्या तेलघाण्याला खुशाल पाठ लावून बसले. सखोबानं तर कपाळच धरलं.

परत आले तेव्हा महाराजांना कोट काढता येईना. उजवा हात वरच होत नव्हता. हरबानं हळूहळू बाही ओढून काढली. "धरते रे काख जरा," एवढंच महाराज म्हणाले.

हरबानं कोट झटकला आणि बघतच राहिला. तेलाचा ठिपका नाही, धुळीचा कण नाही. उजवी बाही डावीसारखीच लखलखत होती. त्यानं लवेवरून हात फिरवून पाहिला. दोन्ही बाह्यांची लव एकाच दिशेनं!

तेवढ्यात शेठ आले. पैजेमुळं बघे जमलेच होते. शेठनी कोट चढवला, आरशापुढं मागंपुढं वळून पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि सवयीनं म्हणाले, "काख धरते."

सगळे वर बघायला लागले. कारण काख दाखवायला शेठनी उजवा हात सरळ डोक्यावर नेला होता.

शेठनी मान वर करून आपल्याच हाताकडं पाहिलं. हात खाली आणला, पुन्हा वर नेला. मागं केव्हातरी गोदामात पोत्यांची थप्पी खांद्यावर कोसळली होती. तेव्हापासून तो हात खांद्याच्या वर गेला नव्हता. हमाल हसतील म्हणून शेठनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. त्यापेक्षा शिंप्याला बोल लावणं सोपं होतं.

त्यांची नजर ओट्याकडं गेली. महाराज डाव्या हातानं चिवडा खात होते. उजवा मांडीवर नुसता पडला होता.

शेठ त्या मखमलीसकट धुळीत वाकले, महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. "हे दुखणं माझं आहे, महाराज. परत द्या."

"राहू दे," महाराज म्हणाले. "मला कुठं कोट शिवायचाय? पण या हरबाला तू इतकी वर्षं तुझा खांदा उसवायला लावलास, त्याचं बघ."

शेठनी हरबापुढं हात जोडले. हरबानं सवयीनं सुई-दोरा उचलला. तो म्हणाला, "शेठ, कुठं सैल करायचंय का?"

केरोबानं दसऱ्याची वाट पाहिली नाही. आतून कात्री आणली, हळदीकुंकू लावलं आणि खाली बघतच हरबाच्या हातात दिली.

सखोबा खाकरला. "शेठ, कोट नेताय ना? मग तेवढं एक राहिलं."

दौलतशेठ उठले. हमाल बघत होते, गिऱ्हाइकं बघत होती. शेठ चौकाच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात पार वर करून आरवले.

सखोबा म्हणाला, मागच्यांना ऐकू आलं नाही. शेठ पुन्हा आरवले.