पाठीशी बसणारी हरणाबाई

फार वर्षांपूर्वी, जेव्हा खडकउंबरला जायला गाडीवाट नव्हती आणि मुद्दाम जावं असं काही कारणही नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. माळावर चाळीसेक घरं होती आणि एक ओढा होता, तोही पावसाळ्यापुरता. त्या गावात हरणाबाई नावाची एक धनगरीण राहायची. नवरा घोंगड्या विणायचा, ही लोकर कातायची. तिनं ना कधी राक्षस मारला, ना विहीर खणली. तरी गावाला सात पिढ्यांतल्या पाटलांची नावं आठवत नाहीत आणि हिचं आठवतं.

हरणाबाई सुईण नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो, कारण बाहेरचे लोक हमखास तसं समजतात. सुईण तुळसा. नाळ तुळसाच कापायची आणि मानाचं लुगडंही तिलाच मिळायचं. बाईला कळा सुरू झाल्या की तुळसा पुढ्यात बसायची आणि हरणाबाई मागे. मागे म्हणजे पाठीला पाठ लावून, तोंड भिंतीकडे करून. मग ती मोठ्यानं श्वास घ्यायची आणि सावकाश सोडायची. थोड्या वेळानं कळा देणारीचा श्वासही तिच्या मागोमाग चालायला लागायचा. कळ आली की ती बाई सगळा जोर मागे टाकायची आणि हरणाबाई हलायची नाही. एवढंच तिचं काम. एकदा कुणीतरी खोचकपणे विचारलं, की तुळसा तर सगळं करते, मग तू काय करतेस? हरणाबाई म्हणाली, "मी बसती."

कळ तिच्या पाठीतून आरपार जायची आणि समोरच्या भिंतीला लागायची, असं म्हणतात. म्हणून खडकउंबरच्या प्रत्येक जुन्या घरात बाळंतिणीच्या खोलीची एक भिंत बसल्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर तडकलेली असायची. भिंती मातीच्या होत्या, त्या तशाही तडकतात. पण नेमक्या त्याच उंचीवर का, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

नवऱ्यांनाही ती मोकळं सोडायची नाही. त्या काळी बायकोला कळा लागल्या की पुरुषमाणसं शेतावर नाहीतर चावडीवर जाऊन बसायची, जणू घरात काही चाललेलंच नाही. हरणाबाई नवऱ्याला दाराबाहेर बसवायची आणि बजावायची, की आतून बायको कण्हली की बाहेरून तू "हाय मी" म्हणायचं. दरवेळी म्हणायचं, आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणायचं. गाव हसलं. एक जण लाजून तोंडातल्या तोंडात पुटपुटत राहिला, तर त्याच्या बायकोचं बाळंतपण दोन दिवस लांबलं असं म्हणतात. तेव्हापासून गावात या बाबतीत कुणी लाजेनासं झालं.

मूल झालं की तुळसा आपल्या घरी जायची. हरणाबाई मात्र सव्वा महिना रोज यायची. बाजेखाली शेगडी ठेवायची, बाळंतिणीचं डोकं चोळायची, आळिवाची खीर समोर बसून खायला लावायची. आणि दारात एक नेम पाळायची. बाळ बघायला येईल त्या बाईनं आधी बाळाच्या आईला विचारायचं, काय जेवलीस, झोप लागली का, कुठं दुखतंय. मग बाळाकडे वळायचं. विसरलेल्या बाईला ती परत उंबऱ्याबाहेर पाठवायची. खुद्द पाटलीण कोंडाबाई एकदा अशी परत गेली होती. तो राग तिनं बरीच वर्षं जपून ठेवला होता.

पुढे त्याच कोंडाबाईच्या सुनेला, सुंद्राला दिवस गेले. लग्नाला आठ वर्षं झाली होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण सुंद्राला आई नव्हती आणि माहेरी फक्त भाऊ-भावजय, म्हणून ते सासरीच ठरलं. राग बाजूला ठेवून कोंडाबाईनं हरणाबाईला बोलावणं धाडलं.

भर दुपारी कळा सुरू झाल्या. सुंद्राचा नवरा हैबती दाराबाहेर बसला आणि चांगला खणखणीत आवाज द्यायला लागला. हरणाबाई पाठीला पाठ लावून बसली. आणि इथं चूक झाली. ती चूक फक्त हरणाबाईच्याच हातून होऊ शकत होती, कारण पाठ लावून बसणाऱ्याला पुढ्यातलं दिसत नाही, आणि पाठीला जे कळलं ते तिनं वळून विचारलं नाही.

जुळं होतं. आधी मुलगी आली आणि ती रडली नाही. कोंडाबाईनं तुळसाला नजरेनंच गप्प केलं, पोर जुन्या लुगड्याच्या पदरात गुंडाळली आणि दाराबाहेर हैबतीच्या हातात दिली. त्यानं ती उचलून नेली. आत सुंद्राला पुन्हा कळ आली, ती कण्हली, पण बाहेरून "हाय मी" आलं नाही. मग मुलगा झाला. तो रडला, ताटं वाजली आणि घरात एकच गडबड उडाली.

कोंडाबाईनं हरणाबाईला पडवीत गाठलं आणि सांगितलं, की एक आला आणि एक गेली, पण सुनेला हे कळता कामा नये. ओली बाळंतीण रडली की दूध आटतं, आणि दूध आटलं की आहे ते पोरही जाईल. कोंडाबाई दुष्ट नव्हती. सगळं गाव असंच मानायचं. हरणाबाईही त्याच गावची, तिनंही मान डोलावली.

सुंद्रा रडली नाही. ती बोललीही नाही. तिनं पोराला जवळ घेतलं नाही, छातीला लावू दिलं नाही, खिरीच्या वाटीकडे पाहिलं नाही. बाजेवर बसून ती दाराकडे बघत राहायची. पोराला शेळीचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजायला लागले, ते त्याला पचेना. पाचव्या दिवशी पाचवीची पूजा झाली तेव्हा पोराच्या रडण्याला आवाज उरला नव्हता. देवऋषी आला, त्यानं तांदूळ टाकले आणि बाहेरची बाधा सांगितली. घरात ठरलं, की बारशापर्यंत, म्हणजे बाराव्या दिवसापर्यंत वाट बघायची. तोवर सुंद्रानं पोराला पाजलं नाही तर बारसं उरकून तिला भावाच्या घरी पोचवायचं आणि पोर धाकट्या जावेच्या ओटीत घालायचं. त्या अवस्थेत गेलेली बाई माहेराहून परत येत नाही, आणि एवढ्याशा जिवाचं पोर दुसऱ्या ओटीत टिकत नाही, हे बोलणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं.

हरणाबाईनं कुणाशी वाद घातला नाही. ती सुंद्राच्या मागे जाऊन पाठीला पाठ लावून बसली, जशी कळा देताना बसायची तशी. सहावा दिवस गेला, सातवा गेला. सुंद्रा जेवायची नाही म्हणून हीही जेवायची नाही. त्या दिवसांत गावातली दळणाची जाती ओढली तरी फिरत नव्हती असं म्हणतात. हे मला जरा जास्तच वाटतं, पण सांगणाऱ्यांनी सांगितलं ते मी सांगतो.

दहाव्या दिवशी सुंद्रा पहिल्यांदा बोलली. मागे वळली नाही, दाराकडे बघतच म्हणाली, "दोनदा मोकळी झाली मी. पयलं कुठं हाय?"

हरणाबाईनं इतक्या बाळंतपणांत पाठीवर जे झेललं होतं त्यावरून तिलाही त्या दुपारी, कोंडाबाईनं सांगायच्या आधीच कळलं होतं, की जोर दोन वेळा आला आणि दोन वेळा सुटला. म्हणजे पाठीतून कळलेल्या दोघी आणि न बोललेल्याही त्याच दोघी. तिला स्वतःची लाज वाटली. ती म्हणाली, "लेक व्हती. रडली न्हाई. म्या सांगाया पायजे व्हतं पोरी, न्हाई सांगितलं."

सुंद्रानं ऐकलं. पण रडणं काही येईना. दहा दिवस दाबून ठेवलेलं होतं ते, आणि लहानपणापासून ऐकलेलं होतं, की बाळंतिणीनं रडू नये. तिच्या हातांत धरायला काही नव्हतं. मुलीचं तोंडसुद्धा तिनं पाहिलं नव्हतं.

मग हरणाबाई उठली आणि हैबतीला शोधत गेली. तो गावाबाहेर करंजाच्या झाडाखाली बसलेला होता. तोही दहा दिवस घरात धड जेवला नव्हता, आणि त्याची चौकशी कुणी केली नव्हती, कारण त्याला पोरगा झाला होता. मुलगी त्यानंच पुरली होती, त्याच झाडापाशी. हरणाबाई त्याच्या शेजारी बसली. हैबतीच्या जन्माच्या वेळीही ती कोंडाबाईच्या पाठीशी बसलेली होती, त्यामुळे त्याच्याशी तिला आडवळणानं बोलायची गरज नव्हती. तिनं विचारलं, की पोरीचं नाव ठेवलंस का? तो म्हणाला, की गेलेल्याला कुठं नाव असतं.

"नेताना हाक न्हाई मारली?"

"मारली," तो म्हणाला. "आवडी म्हनलो. एकदाच."

बारशाचा दिवस आला. आपल्याकडे बारशाला बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात घालतात, हे तुम्ही पाहिलं असेल. वाटणघाटणाचाच तो दगड. त्याला धुऊन कुंची घालायची, काजळाचं बोट लावायचं आणि बाळासारखा पाळण्याच्या खालून-वरून या बाईनं त्या बाईच्या हातात द्यायचा. कुणाची दृष्ट लागायची ती दगडाला लागावी, एवढाच हेतू. त्यात थट्टामस्करी चालते, दगडाचं नाक बापासारखं आहे वगैरे. मग वरवंटा बाजूला ठेवायचा आणि बाळाला आणायचं. त्या दिवशीही बायका जमल्या. मनातून सगळ्यांनाच माहीत होतं, की हे नाव ठेवणं आहे तसंच सुनेला निरोप देणंही आहे. दाराशी गाडी जुंपून तयार होती.

कुंची घातलेला वरवंटा हरणाबाईच्या हातात आला. तिनं तो पुढे दिला नाही. ती वळली आणि तिनं तो सुंद्राच्या मांडीवर ठेवला. मग तिच्या कानाशी वाकली, बारशात आत्या बाळाच्या कानाशी वाकते तशी, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ही आवडी. हैबतीची थोरली."

कोंडाबाई ताडकन उठली. पण तिच्या आधी दारातून हैबती आत आला. बारशाच्या खोलीत बायकांच्या गर्दीत पुरुष शिरला, असं त्या गावात आधी कधी झालं नव्हतं. तो सुंद्रापुढे बसला, दोन्ही हात दगडावर ठेवले आणि म्हणाला, "हाय मी."

तेव्हा सुंद्रा रडली. ती इतकी रडली की दगडाची कुंची भिजून चिंब झाली, आणि दगड आधी कोमट झाला, मग पोटच्या पोरासारखा ऊन झाला, असं म्हणतात. पहिल्या उमाळ्याबरोबर तिला पान्हा फुटला. ज्याच्यासाठी तिला रडू दिलं नव्हतं ते दूध रडण्याबरोबरच आलं. कुणीतरी मुलाला आणलं, आणि दगड एका मांडीवर ठेवून तिनं मुलाला दुसऱ्या मांडीवर घेतलं. तो प्यायला लागला. गाडीचे बैल कुणी सोडले ते माहीत नाही, पण सोडले.

गोष्ट इथं संपली असती. पण कोंडाबाई अजून उभीच होती. ती पुढे झाली. सगळ्यांना वाटलं, आता दगड हिसकावून घेणार. तिनं तो सुनेच्या मांडीवरून अलगद उचलला, छातीशी धरला आणि एक नाव घेतलं. "गजरा," ती म्हणाली. हैबतीच्या आधी सहा वर्षं, तिच्या माहेरी, ती एकदा बाळंत झाली होती. ते पोर राहिलं नाही, आणि तिनं त्याला नाव ठेवलं होतं हे खडकउंबरात कुणालाच ठाऊक नव्हतं, तिच्या पोटच्या हैबतीलाही नाही. चाळीस वर्षं तिनं कोरड्या डोळ्यांनी संसार केला होता आणि सुनेलाही तेच शिकवायला निघाली होती.

तिनं दगड शेजारणीला दिला. शेजारणीनंही एक नाव घेतलं. तिनं पुढच्या बाईला दिला. ज्यांच्याकडे नाव होतं त्यांनी नाव घेतलं, ज्यांनी नाव ठेवलंच नव्हतं त्यांनी तिथल्या तिथे ठेवलं. तुळसा सुईणीनं अकरा नावं घेतली म्हणतात, आणि त्यातलं एकच तिच्या घरचं होतं. दगड खोलीभर फिरून परत येईपर्यंत उन्हं कलली. मुलाचं नाव त्यानंतर ठेवलं. तो जगला, म्हातारा झाला, पाटीलकीही केली. पण त्याचं नाव काय ठेवलं होतं हे आज गावात कुणाला आठवत नाही. आवडीचं सगळ्यांना आठवतं.

हरणाबाई पुढे कधी गेली, कशानं गेली, यावर एकमत नाही. ती मरण पावली तेव्हा गावातल्या सगळ्या बायकांच्या पाठीला एकदम गार वारा लागला, असं म्हणतात.

आता खडकउंबरला डांबरी रस्ता आहे. बाळंतपणं तालुक्याच्या दवाखान्यात होतात. बारशाला मंडप असतो, फुगे असतात, कानठळ्या बसवणारा स्पीकर असतो. पण वरवंट्याला कुंची घातली की स्पीकर बंद करतात. बापाला आत बोलावतात आणि दगड आधी आईच्या मांडीवर ठेवतात. त्या घरात जे आलं आणि राहिलं नाही, त्याचं नाव ती घेते, मग बाप घेतो, मग सासू, मग ज्या कुणाला घ्यायचं असेल ते. कुणी घाई करत नाही. ज्या घरात घ्यायला नाव नसतं, तिथं "हरणा" म्हणतात आणि दगड पुढे देतात. दगड फिरून आला की आईला विचारतात, काय जेवलीस, झोप लागली का, कुठं दुखतंय. तिचं सांगून झालं की मग बाळाला आणतात.