पाटावरून काय दिसतं

“पण सर, तिनं उत्तर काय दिलं होतं?”

खटावकर सर सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला नाही.

“कुणी?”

“कुमुदनं. तेवीस वर्षं झाली. याच खोलीत. मी विचारलेला प्रश्न मला शब्दन्‌शब्द आठवतो, सर. तिचं उत्तर आठवत नाही.”

“तेवढ्यासाठी पुण्याहून आलास?”

“तेवढ्यासाठीच.”

आतल्या खोलीत शिलाईचं मशीन चालू होतं. मध्येच थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं…

आता हा पाहुणा कोण, ते आधी सांगतो. डॉक्टर मोरेश्वर माळवदे. रहिमतपुरात खटावकर सरांकडे इंग्रजी शिकून गेलेली मुलं पुष्कळ, पण विद्यापीठाचं सुवर्णपदक आणलं ते या एकट्यानं. आणि आणल्या दिवसापासून ते त्यानं कुणाला विसरू दिलं नाही. आता पुण्याच्या मोठ्या कॉलेजात इंग्रजीचा विभागप्रमुख. चार पुस्तकं नावावर. पाचवं संपत आलेलं: इंग्रजीतली बघण्याची क्रियापदं, मोजून एकतीस. एवढ्या तऱ्हेनं बघायची इंग्रजांना काय गरज पडली होती देव जाणे! पण मोरेश्वरानं सगळी गोळा केली होती. शेवटचं एक पान तेवढं दोन महिने अडलं होतं.

“का अडलं?” सरांनी विचारलं.

“तोंडी परीक्षेत एका मुलीला विचारलं मी. लुक, सी आणि वॉच, फरक सांग. तिनं मान खाली घातली… आणि मला एकदम ही खोली आठवली. त्या दिवसापासून लिहायला बसलो की हात चालत नाही.”

सरांनी सुपारीची खांडं तळहातावर घेतली. दोन त्याला दिली.

तेवीस वर्षांपूर्वी मोरेश्वर याच खोलीत कुमुदला बघायला आला होता. सरांची एकुलती एक मुलगी. जात एक, पत्रिका जुळलेली, आणि मुलगा म्हणजे सरांचा लाडका विद्यार्थी. सरांनी तर मनातल्या मनात मांडवच घातला होता. मोरेश्वर, त्याची आई आणि मामा, तिघं खुर्च्यांवर बसले. समोर पाटावर मुलगी. पोहे झाले. नाव, शिक्षण, आवडीनिवडी झाल्या. मामा म्हणाले, तुला काही विचारायचं तर विचार बाबा.

दुसरा कुणी असता तर गाणं येतं का, सिनेमे आवडतात का, असलं काहीतरी विचारून मोकळा झाला असता. या शहाण्यानं विचारलं, “लुक, सी आणि वॉच, या तिन्हींत फरक काय?”

मामा खो खो हसले. मोरेश्वरही हसला.

आठ दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला. मुलीचं इंग्रजी कच्चं वाटलं.

इंग्रजीच्या मास्तरांच्या मुलीचं! गावाला बोलायला महिनाभर पुरलं ते. सरांनी मात्र एक कार्ड लिहून टाकलं, ‘कळवल्याबद्दल आभार.’ पुढे मोरेश्वराचं लग्न झालं, तेव्हा आहेरही पाठवला.

“मी हसलो होतो, सर,” मोरेश्वर म्हणाला. “म्हणजे तिनं काहीतरी म्हटलं असणार. काहीतरी साधं, भाबडं. आणि आता मला वाटतं, तेच बरोबर होतं. मी एकतीस प्रकरणं लिहिली, पण लहान मुलाला कळेल असं एक वाक्य मला सुचत नाही. ते तिचं वाक्य मला शेवटच्या पानावर घालायचंय. तिच्या नावानं. आणि… माफी मागायचीय.”

“आधी कुठलं?”

“काय?”

“माफी आधी, की वाक्य आधी?”

मोरेश्वरानं हातातली सुपारीची खांडं तोंडात टाकली.

“बरं,” सर म्हणाले, “मला शिकव. माझं वय झालं, विसरलो सगळं. लुक म्हणजे?”

हे विचारल्यावर मोरेश्वराला जरा हुशारी आली. शिकवायला लागला की त्याचा चेहरा उजळायचा, हे मात्र खरं.

“लुक म्हणजे आपण होऊन नजर वळवणं. सी म्हणजे नजरेला दिसणं, मग तुम्ही ठरवा किंवा ठरवू नका. वॉच म्हणजे पुढे काय होतंय म्हणून नजर ठेवणं. ग्लान्स म्हणजे उडती नजर. ग्लेअर म्हणजे डोळे वटारणं. पीप, फटीतून. स्टेअर म्हणजे टक लावून बघणं, समोरच्याला नको असताना.”

“ते वाईट?”

“असभ्य समजतात, सर.”

“हं.” सरांनी मान डोलावली. “बरं, आता एक सांग. आज दार कुणी उघडलं तुला?”

“दार?… कुणीतरी बाई होत्या. गळ्यात टेप होती. शिलाईवाल्या असतील, मी फार…”

पुढचं त्याच्या तोंडातच राहिलं. आतलं मशीन खटखटत होतं.

“सर, ती…”

“तिचा आजा शिंपीकाम करायचा. त्याचंच मशीन आहे ते. तुझा निरोप आल्यावर म्हणाली, बाबा, आता मला बघायला कुणाला बोलवू नका. तेवढं एकदाच म्हणाली. दुसऱ्या दिवशी मशीनला तेल घातलं.” सर शांतपणे सांगत होते, बाजारभाव सांगावा तसं. “चार शाळांचे गणवेश शिवते. हाताखाली सहा बायका आहेत. बरं चाललंय तिचं.”

मोरेश्वराला मघाचं दार आठवलं. दारात तिच्या खांद्यावरून आत डोकावून त्यानं विचारलं होतं, सर आहेत का? तिनं बाजूला होऊन वाट दिली होती. आणि तो चपला काढून सरळ आत आला होता, पाया पडायला.

सर उठले. ऐंशीच्या घरातलं शरीर, भिंतीला धरून उठले. कोनाड्याखाली उभा करून ठेवलेला पाट त्यांनी आणला आणि खोलीच्या मधोमध टाकला.

“खुर्चीवरून ऊठ. इथं बस.”

“सर, मी…”

“बस.”

डॉक्टर मोरेश्वर माळवदे, इस्त्रीची पँट सावरत, पाटावर बसले. गुडघे करकरले. सर आपल्या नेहमीच्या खुर्चीत जाऊन बसले. शेजारची खुर्ची रिकामी होती, मोरेश्वराची. त्या दिवशीही त्याच खुर्चीत तो बसला होता.

“मान खाली घाल. तिला तसं सांगितलेलं होतं. तिच्या आत्यानं दोन दिवस घोकून घेतलं होतं.”

त्यानं मान खाली घातली.

“काय दिसतं?”

“फरशी… तुमचे पाय. खुर्चीचे पाय.”

“आणखी?”

“आणखी काही नाही, सर.”

“आता तुला एक प्रश्न विचारलाय. अवघड नाही. तुला उत्तर येतंय. बी.ए.ला तिचा तोच विषय होता. मग काय करशील?”

“मान वर करीन.”

“कर.”

मोरेश्वरानं मान वर केली.

सर त्याच्याकडे बघत नव्हते. त्यांचं तोंड शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे होतं. चेहऱ्यावर कौतुक होतं, अगदी उतू जाणारं. पदक आणलं त्या दिवशी मोरेश्वरानं पाहिलेलं, तेच ते हसू.

तो थांबला. सर वळतील म्हणून थांबला. ते वळले नाहीत. उत्तर घशाशी येऊन बसलं होतं, पण ते द्यायचं कुणाला?

“सर… तुम्ही माझ्याकडे बघत नाही आहात.”

“त्या दिवशीही नव्हतो.”

“मग कुणाकडे?”

“तुझ्याकडे रे. काय प्रश्न विचारला पोरानं! म्हटलं, हा माझा विद्यार्थी. छाती अशी फुगली होती माझी.”

मोरेश्वरानं त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

“आणि मी?”

“तू माझ्याकडे बघत होतास. सर खूश झाले का म्हणून.”

खरं होतं ते. आता त्याला लख्ख आठवलं. प्रश्न विचारला आणि त्यानं लगेच सरांकडे वळून पाहिलं. सरांनी भुवया उंचावून दाद दिली. तेवढ्यावरच तो हसला होता. तिच्या उत्तराला नव्हे. आई पदर सारखा करत होती, मामा हसता हसता ठसकले होते. या एवढ्या खोलीत मुलीला बघायला म्हणून माणसं जमली होती, आणि मुलीला कुणीच बघितलं नव्हतं.

“मग उत्तर…”

“तिची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं बघितलं. पोरीनं मान वर केली, तोंड उघडलं. एकदा तुझ्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग तोंड मिटलं, मान खाली घातली.” सर थांबले. “हे मला तिच्या आईनं सांगितलं ते शेवटच्या आजारपणात. पंधरा वर्षं पोटात ठेवलं होतं बिचारीनं. म्हणाली, तुमच्या शिष्याला मी केव्हाच माफ केलं. तुम्हाला माफ करणं मात्र जमलं नाही.”

मशीन थांबलं होतं.

सरांनी डोळे पुसले नाहीत. नुसते मिटून घेतले आणि उघडले.

“तुझ्यावर रागावायचा मला हक्कच राहिला नाही बघ, मोरेश्वर. नाहीतर आज उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं तुला.”

मोरेश्वर पाटावरून उठायला गेला, तेवढ्यात आतलं दार उघडलं. कुमुद बाहेर आली. गळ्यात टेप, ओठांत दोन टाचण्या, हातावर निळ्या गणवेशांची चळत. ती सत्तेचाळीस वर्षांची होती. पाटावर बसलेल्या डॉक्टरांकडे तिनं एकदा बघितलं. एकदाच, जेमतेम क्षणभर.

टाचण्या काढून ती म्हणाली, “उजवा खांदा उतरलाय तुमचा अर्धा इंच. पिशवी एकाच खांद्यावर घेता का? शर्ट शिवायला टाकाल तेव्हा सांगत जा शिंप्याला.”

त्याचा हात आपोआप उजव्या खांद्यावर गेला. वीस वर्षं कॉलेजची पिशवी त्याच खांद्यावर होती. घरात कुणाच्या हे लक्षात आलं नव्हतं, त्याच्या स्वतःच्याही नाही.

“कुमुदताई,” तो म्हणाला. उभा राहिला, पण पाटाच्या खाली उतरायचं विसरला. “माझं चुकलं. त्या दिवशी… माझं फार चुकलं.”

तिनं चळत या हातावरून त्या हातावर घेतली.

“हं,” ती म्हणाली. रागानं नाही, लोभानंही नाही.

“मी एक प्रश्न विचारला होता तुम्हाला.”

“हो. तीन शब्दांचा फरक.”

“तुम्ही काय उत्तर देणार होतात? एवढं सांगा. माझ्या पुस्तकासाठी म्हणून नाही… खरंच नाही. मला ऐकायचंय.”

कुमुद विचारात पडली. खरोखर आठवत होती ती, हे त्यालाही दिसलं. कपाळाला आठी पडली, ओठ किंचित हलले. सर खुर्चीत पुढे सरकून बसले होते आणि तिच्याकडेच बघत होते.

“नाही हो आठवत,” ती शेवटी म्हणाली. “तेव्हा येत होतं.”

एवढं बोलून ती अंगणात गेली. दोरीवर कपडे टाकून एकेकाच्या शिवणी उन्हात धरून तपासू लागली. गुंडी ओढून बघायची, खिशात हात घालून बघायची, मग पुढचा कपडा.

मोरेश्वर दारापर्यंत गेला. चौकटीला हात लावून उभा राहिला आणि बघत राहिला. पांढरे झालेले केस, उन्हानं बारीक केलेले डोळे, हनुवटी… पाटावरची ती मुलगी यात कुठेतरी असेलच की! हातातलं सगळं टाकून, जीव एकवटून तो तिला शोधत होता. आयुष्यात कुठल्याही माणसाकडे त्यानं असं बघितलं नव्हतं.

कुमुदनं मान न वळवता पदर खांद्यावरून ओढून घेतला. तो तसाच बघत होता.

“सर,” तो मागे न बघता म्हणाला, “आज बघतोय मी. आज तरी बघतोय.”

सरांनी अडकित्ता उचलला.

“आत ये, मोरेश्वर,” ते म्हणाले. “आता त्याला दुसरं क्रियापद लागतं.”