सतरा खाचांची काठी

फार मागची गोष्ट आहे. त्या दिवशी आभाळात ढगाचं नाव नव्हतं, पण ऊनही अंगाला लागत नव्हतं. तीन दिवस कोरडा, बोचरा वारा सुटला होता. माणसांचे ओठ फुटले होते, सारवलेल्या भिंतींना भेगा गेल्या होत्या. आणि गावातलं प्रत्येक माणूस मनातून घाबरलेलं होतं.

त्याचं कारण सांगतो. त्या गावाच्या आणि पलीकडच्या गावाच्या मधे एक कुरण होतं. ते कुणाचं, हे दरवर्षी थंडीत खेळावर ठरायचं. दोन्हीकडचे आठ-आठ गडी वाकड्या काठ्या घेऊन उतरायचे आणि बांबूच्या मुळाचा चेंडू समोरच्या दोन धोंड्यांमधून पार करायचे. तीनदा जो आधी पार करील, त्याच्या गावाची गुरं वर्षभर कुरणात चरायची. हरलेल्यांची गुरं वरच्या डोंगरात जायची. आणि डोंगरात बिबट्या होता.

गावाचा आघाडीचा गडी होता सटवाजी. चेंडू पार झाला की पाटील आपल्या चाकूनं त्या गड्याच्या काठीवर एक खाच पाडायचे. सटवाजीच्या काठीवर अशा सतरा खाचा होत्या. लहान पोरं त्या बोटानं मोजायची आणि सटवाजी गालात हसायचा.

गावाची आणखी एक रीत होती. आघाडीच्या गड्यानं एका नव्या गड्याला आपल्या शेजारी उभं करायचं, म्हणजे बघता बघता तो शिकतो. सटवाजीलाही असंच कुणीतरी उभं केलं होतं. पण त्यानं मात्र आजवर कुणाला शेजारी घेतलं नव्हतं. आज घेऊ, उद्या घेऊ, असं करता करता वर्षं गेली.

खेळाच्या त्या सकाळी गोठ्यामागं सटवाजीनं काठी हवेत फिरवून पाहिली. कट्! बारीकसा आवाज आला. त्यानं काठी डोळ्यांजवळ नेली. नवव्या आणि दहाव्या खाचेमधे केसासारखी चीर गेली होती. इतक्या खाचा पाडून पाडून लाकूड तिथं उरलंच नव्हतं, आणि वाऱ्यानं ते आणखी वाळलं होतं.

नवी काठी घ्यावी? ती तर कोरी असणार. कोरी काठी हातात असली की आपण तरी कोण? सटवाजीनं इकडंतिकडं पाहिलं, चिरेत लाख भरली आणि अंगठ्यानं दाबून गुळगुळीत केली.

तेवढ्यात पाटील आले. मागं केरू होता. केरू वाऱ्यासारखा पळायचा, पण दोन वर्षं तो आपल्याच धोंड्यांपाशी राखण करत उभा होता.

"सटवाजी, आज याला तुझ्या शेजारी उभं करू का?" पाटलांनी विचारलं.

"काका, एकदा तरी माझा खेळ बघा," केरू सटवाजीला म्हणाला.

सटवाजीला वाटलं, हा शेजारी आला की काठीची चीर बघणार. आणि पुढं माझी जागाही बघणार.

"आधी मिशी तर फुटू दे रे," तो हसून म्हणाला. मग पाटलांकडं वळला. "याच्या काठीला एक खाच नाही, पाटील. साऱ्या गावाची गुरं याच्या भरवशावर टाकता?"

पाटलांचा चेहरा उतरला. भीती अशीच असते, बाबांनो. एकाची दुसऱ्याला लागते.

"नको, नको," ते म्हणाले. "केरू, तू मागंच राहा."

खेळ सुरू झाला. दोनदा यांनी चेंडू पार केला, दोनदा त्यांनी. आता ज्याचा एक होईल, कुरण त्याचं. सटवाजी प्रत्येक वेळी हात आखडून मारत होता. बांधावरून त्याची शेजारीण सगुणाक्का ओरडली, "अरे, मार की जोरात! चेंडूला काय गोंजारतोयस?"

लोक हसले. सटवाजी चिडला आणि सारं बळ लावून त्यानं काठी हाणली. काठीचे दोन तुकडे झाले.

काठी मोडली की गडी बाहेर, असा नियम होता. पाटील घाबऱ्या आवाजात ओरडले, "केरू, पुढं जा! पुढं!"

केरू धावला. खरंच वाऱ्यासारखा धावला. चेंडू त्याच्या काठीपाशी आला, समोरचे दोन धोंडे मोकळे होते. पण तिथून ते धोंडे कसे दिसतात, हे त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. केरूनं घाईघाईनं काठी मारली. चेंडू धोंड्याच्या बाहेरून, वीतभर अंतरानं गेला. समोरच्यांनी तो उचलून धरल्यासारखा इकडं आणला आणि राखणीला कुणी नसलेल्या धोंड्यांमधून पार केला.

दुसऱ्या दिवसापासून गुरं डोंगरात जाऊ लागली. चौथ्या संध्याकाळी सगुणाक्काची कालवड परत आली नाही. शोधायला गेलेल्यांना करवंदीच्या जाळीत तिची घंटा तेवढी सापडली.

सटवाजी मोडकी काठी घेऊन सगुणाक्काच्या अंगणात गेला. ती घंटा मांडीवर घेऊन बसली होती. तो उभ्या उभ्याच म्हणाला, "अक्का, चीर मला सकाळीच दिसली होती. लाख मीच भरली. भ्यालो गं."

सगुणाक्कानं पदरानं घंटा पुसली.

"काठीचं काय, लाकूडच ते, मोडणारच," ती म्हणाली. "पण केरूला वेळेवर शेजारी घेतलं असतंस, तर त्याचा नेम चुकला नसता. आपली जागा जाईल म्हणून जो नव्याला शेजारी उभं करत नाही, सटवाजी, तो सगळ्या गावाला उघड्यावर आणतो."