हलणारे पाते

फार पूर्वी, ज्या काळी घाटावर चाक चढत नसे आणि कोकणातले मीठ बैलांच्या पाठीवरूनच देशावर जात असे, त्या काळी मीठ वाहणारा एक तांडा होता. साठ बैल, वीस माणसे आणि सर्वांच्या पुढे एक वृद्ध नायक, असा त्याचा पसारा होता. घाट ओलांडण्यास सहा मुक्काम लागत, आणि ते सहाही दाट रानात पडत.

त्या तांड्यात एक नियम कसोशीने पाळला जाई. मुक्कामाला कुऱ्हाड एकच असावी आणि ती जाळ राखणाऱ्याच्याच हाती असावी. जितकी माणसे तितक्या कुऱ्हाडी असत्या, तर वाटेवर सावलीपुरतेही झाड उरले नसते, असे जुनी माणसे म्हणत. परंतु या नियमामुळे साऱ्या तांड्याचा जीव त्या एका कुऱ्हाडीवर टांगलेला असे. सूर्य मावळण्यापूर्वी रात्रभर पुरेल इतके लाकूड रचून झाले, तर वाघ दूर राही. तसे न झाले, तर सकाळी बैल मोजावे लागत.

वीस वर्षे हे काम एका विधवा स्त्रीने केले होते. आता तिचा उजवा खांदा वर उचलेना. म्हणून नायकाने ते काम तिच्या भाच्याकडे सोपवले. भाचा तरुण होता, अंगाने भक्कम होता, आणि ही गोष्ट त्याला स्वतःला पुरती ठाऊक होती.

नायक त्याला म्हणाला, "आत्याची कुऱ्हाड झिजून खुरप्याएवढी झाली आहे. लोहाराकडे जा आणि तुझ्या हाताला पटेल ती नवी घे. मात्र एक लक्षात ठेव. या फेरीत एक जरी बैल गेला, तरी पुढच्या फेरीला तू बैलांचे शेण गोळा करशील."

घाटाच्या पायथ्याच्या गावात एक लोहार होता. त्याचा एक विचित्र बाणा होता. गिऱ्हाईक जेवढे विचारील तेवढ्याचेच तो खरे उत्तर देई, आणि विचारले नाही ते सांगत नसे. न मागितलेला सल्ला कोणी ऐकत नाही, असा त्याचा अनुभव होता.

भाचा आणि आत्या त्याच्या भट्टीपाशी आले. भिंतीला दोन कुऱ्हाडी टेकवून ठेवल्या होत्या. एक काळीसावळी होती. तिचा दांडा वरच्या टोकाला जाड आणि खाली निमुळता होता. पाते खालच्या टोकाकडून घालून वर सरकवलेले होते. त्यात ना खिळा होता, ना पाचर. दुसरी मात्र चकचकीत होती. तिच्या दांड्यात पाचर ठोकलेली, आरपार दोन खिळे मारलेले, आणि गळ्याशी पितळेचे कडे.

आत्याने हनुवटीनेच काळ्या कुऱ्हाडीकडे खूण केली. भाच्याने ती उचलून हलवली. पाते दांड्यावर खडखड वाजले.

"आत्या, ही कुऱ्हाड आहे की खुळखुळा?" तो हसून म्हणाला. "हिने लाकूड तुटणार नाही, फार तर एखादे तान्हे मूल झोपेल."

"विस्तवाजवळ सुकली की वाजतेच ती," आत्या म्हणाली. "घाव घातलास की बसेल."

"माझ्या पायावर बसेल!" मग तो लोहाराकडे वळला. "दादा, यांतले कोणते पाते हलत नाही?"

"ते पितळी कड्याचे."

"कधीच हलणार नाही?"

"कधीच हलणार नाही," लोहाराने खरे ते सांगितले.

भाच्याने किमतीपोटी मिठाची एक गोणी उतरवून दिली आणि चकचकीत कुऱ्हाड खांद्यावर टाकून तो ऐटीत निघाला. आत्या मात्र मागे रेंगाळली. तिने आपली झिजलेली कुऱ्हाड लोहाराला दिली आणि तिच्या बदल्यात काळी मागून घेतली. दांड्याचे खालचे टोक दगडावर आपटताच पाते सरकून खाली आले. ते तिने पदरात गुंडाळले आणि दांडा तिथेच ठेवला.

"दांडा नको का?" लोहाराने विचारले. त्या दिवशी त्याने आपण होऊन विचारलेला तेवढा एकच प्रश्न.

"दांडा रानात उगवतो, बाबा," आत्या म्हणाली. "पाते उगवत नाही."

पहिले तीन मुक्काम उत्तम पार पडले. भाच्याचा घाव जोरकस होता आणि पितळी कडे उन्हात चमकत होते. तांड्यातले लोक कौतुक करीत, आणि भाचा ते कौतुक आत्याच्या कानी पडेल अशा बेताने ऐकून घेई.

चौथा मुक्काम घाटमाथ्याखालच्या खिंडीत होता. पाण्यावर गेलेल्या माणसांना ओल्या चिखलात वाघाची ताजी पावले दिसली. दुपार कलत होती. भाच्याने घाईघाईने वाळलेल्या खैराच्या खोडावर घाव घातला. तो तिरपा बसला, आणि दांडा थेट पितळी कड्यापाशी कडकन मोडला.

"काही चिंता नाही," तो म्हणाला, "नवा दांडा बसवतो." पण तुटका तुकडा पात्यातून निघेना. त्याने दगडाने ठोकून पाहिले. पाचर आणि खिळे यांनी तो तुकडा घट्ट धरून ठेवला होता. पाते कधीच हलणार नाही, हे लोहाराचे बोलणे अक्षरशः खरे ठरले होते.

तेव्हा त्याला एक युक्ती सुचली. तुकडा लाकडाचाच आहे, तर तो जाळून काढावा! स्वयंपाकासाठी ठेवलेले सुके सरपण त्याने पेटवले आणि पाते त्यात घातले. तुकडा जळाला, खिळे सुटले, पाते लालभडक झाले. ते निवताच त्याने मिळेल ती फांदी त्यात बसवली आणि खैरावर घाव घातला. खैराला काही झाले नाही. धार मात्र पत्र्यासारखी दुमडली. विस्तवाने पोलादाचे पाणी उतरून ते मऊ पडले होते. सरपण गेले, पातेही गेले.

नायक बैलांकडे पाहत राहिला. सूर्य डोंगराच्या कडेपासून जेमतेम चार हात वर होता.

इतक्यात एका लंगड्या बैलाला सावकाश चालवीत आत्या सर्वांच्या मागून तळावर पोहोचली. दुमडलेली धार पाहून तिला सारे समजले. बैलाच्या पाठीवरील गोणीतून तिने काळे पाते काढले आणि भाच्यापुढे धरले.

नायकाच्या भुवया चढल्या. "मुक्कामाला कुऱ्हाड एकच, हा नियम तूच विसरलीस?"

"दांड्यावाचून पात्याला कुऱ्हाड म्हणत असतील, तर मला खुशाल दंड करा," आत्या म्हणाली. "पण सूर्य बुडाल्यावर करा."

भाच्याने मान खाली घातली. पाते मुठीत धरून त्याने ओढ्याकाठची धामणीच्या झाडाची एक चिवट फांदी छाटली. तिचे वरचे टोक जाड ठेवले आणि खालचे तासून निमुळते केले. पाते घालून वर सरकवले. ते हलतच होते. ज्या आवाजाला तो हसला होता, तोच खडखडाट आता सारा तांडा ऐकत होता.

"आत्या, हे हलते आहे."

"घाव घाल."

त्याने घाव घातला. पाते झोकासरशी दांड्याच्या जाड टोकाकडे सरकले. दुसऱ्या घावाला खडखड कमी झाली, पाचव्याला थांबली. पुढे जितका जोर लागे, तितके ते अधिकच घट्ट बसे. सूर्य कडेला टेकला, तेव्हा भाच्याच्या तळहातांना फोड आले होते आणि तळाभोवती चारही दिशांना लाकडे रचून पेटली होती.

सकाळी वाघाची पावले तळापासून तीस पावलांवर दिसली. ती तिथे थांबून माघारी वळली होती. नायकाने बैल मोजले. साठच्या साठ होते. दंडाचा विषय मग कोणी काढला नाही.

परतीच्या वाटेवर भाचा लोहाराकडे गेला आणि ते दुमडलेले पाते त्याच्यासमोर टाकून म्हणाला, "दादा, ही कुऱ्हाड वाईट आहे, हे आधी का सांगितले नाहीत?"

"वाईट मुळीच नाही," लोहार म्हणाला. "या गावातले लोक तीच नेतात. दांडा मोडला की माझ्याकडे येतात, आणि मी खिळे काढून नवा बसवतो. त्यांची घरे माझ्या भट्टीपासून पन्नास पावलांवर आहेत. तुझा मुक्काम कुठे असतो?"

भाच्याने वर घाटातल्या रानाकडे पाहिले.

लोहार हळूच म्हणाला, "तू विचारलेस, पाते हलेल का? आत्याने वीस वर्षांपूर्वी विचारले होते, दांडा मोडला तर मी काय करू?"

तात्पर्य: धड असताना वस्तू किती पक्की दिसते, एवढ्यावर तिची निवड करू नये. ज्या ठिकाणी मदतीस कोणी नसेल, त्या ठिकाणी मोडल्यावर जी आपल्याच हातांनी पुन्हा उभी करता येते, तीच वस्तू सोबत न्यावी.