पुढची फळी

"मंग आता रायलं तरी काय, बाबा?"

तेजरामने हे सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं. त्याला उत्तर नको होतं, शाबासकी हवी होती. ती मिळत नव्हती म्हणून तो आतल्या आत धुमसत होता.

फागूबाबांनी मान वर केली नाही. वैनगंगेच्या काठी, उंबराखाली बसून ते फाटक्या जाळ्याला टाके घालत होते.

समोर वाळूवर तेजरामची नवी नाव उन्हात चमकत होती. ॲल्युमिनियमची, बारा फुटी, सपाट बुडाची. गावात आजवर लाकडाचे डोंगेच होते. ही नाव आली त्या दिवशी म्हातारेसुद्धा तिला टिचकी मारून पाहून गेले.

नाव नुसती आणून तो गप्प बसला नव्हता. महिनाभर तिच्यामागे लागला होता. मागच्या बाजूला सागाची जाड फळी बोल्टने आवळून तिच्यावर मोटार बसवली. पत्र्याचं बूड पाय लागला तरी वाजतं आणि मासा पळतो, म्हणून तळाला रबर अंथरलं. गळाच्या काठ्या उभ्या राहाव्यात म्हणून कडेला पाइपाचे तुकडे जोडले. नांगर, दोर, वल्ही, पाण्याखालचे मासे दाखवणारी काच, सगळं जागच्या जागी. मोटारीच्या वजनाने नाव मागे बसू नये म्हणून बॅटरी पुढच्या फळीवर ठेवली आणि तिच्या शेजारी बर्फाचा डबा. बोटभर जागा वाया घालवली नव्हती.

दोन माणसं बसली की पाणी कुठवर यावं, त्याचा हिशेब करून त्याने नावेच्या चारही बाजूंनी तांबड्या रंगाची रेघसुद्धा ओढली होती. काम चोख होतं, त्यात खोट काढायला जागा नव्हती. पण हे त्यालाही माहीत होतं, आणि तिथेच सगळी पंचाईत होती.

तरी गाडं एका रिवाजापाशी अडलं होतं. त्या गावातल्या ढिवरांमध्ये, म्हणजे मासेमारांमध्ये, ज्याने नदी शिकवली तो म्हातारा नव्या नावेच्या पुढच्या फळीवर बसून एकदा डोह ओलांडतो. तोवर ती नाव पाण्याला लावत नाहीत. लावलीच, तर तिच्याशेजारी कोणी जाळं टाकत नाही आणि बायका तिची मासोळी बाजाराला नेत नाहीत. तीन वर्षं फागूबाबांच्या डोंग्यात मागे बसून तेजराम नदी शिकला होता. आता त्याच फागूबाबांनी त्याला आठ दिवस लोंबकळत ठेवलं होतं. रोज एकच वाक्य... नाव अजून झाली नाही.

"मोटार पायली?" तेजराम म्हणाला.

"पायली."

"नांगर?"

"पायला."

"ही काच पाहा. तीस हात पानी असो, खाली काय हाये ते दाखवते."

"मासेच दाखवते?"

"मंग अजून काय दाखवन?"

बाबा जाळ्याचा टाका दाताने तोडत राहिले.

...

"पुढच्या फळीवर काय ठेवलं गा?"

"बॅटरी. अन् बर्फाचा डबा."

"आपल्या डोंग्यात पुढच्या फळीवर काय रायते?"

"काईच नाई."

"काहून?"

तेजराम हसला. फळी मोकळी ठेवायचा हा रिवाज त्याने तीन वर्षं बाबांसमोर पाळला होता आणि तीन वर्षं मनातल्या मनात त्याची थट्टा केली होती. त्या एका खेपेनंतर, म्हाताऱ्याने डोह ओलांडून दिल्यानंतर, पुढची फळी कायम मोकळी. तिच्यावर कोणी बसायचं नाही, काही ठेवायचं नाही. का, ते कोणी सांगत नसे.

"तुमच्यापाशी ठेवाले सामान नोतं म्हनून," तो म्हणाला.

बाबाही हसले. मोकळेपणाने हसले, त्यात राग नव्हता.

"लोट पान्यात."

"म्हंजे बसता तुमी?"

"लोट तर."

भर दुपार होती. वाऱ्याचं नाव नव्हतं. काठापासून हाकेवर सातबाभळीचा डोह पसरला होता, आणि त्याच्यावर एकही नाव नव्हती. मागच्या भादव्यापासून तिथे कोणी जाळं टाकलं नव्हतं. भादव्यात त्या डोहात इसरूचा डोंगा उलटला. डोंगा सापडला, वल्हं सापडलं, इसरू सापडला नाही. त्याची बायको रेवंता पलीकडच्या घाटावर राहते. तिने हातातल्या हिरव्या बांगड्या अजून उतरवल्या नव्हत्या. नवरा गेला हे कोणी डोळ्यांनी पाहिलंच नाही, तर मी कशी उतरवू, असं ती म्हणायची. त्या दिवशी डोहात दुसरा एकच माणूस होता, तेजराम. त्याने गावाला सांगितलं होतं, आपण पोचलो तेव्हा उलटलेला डोंगा तेवढा दिसला.

तेजरामने नाव ढकलली. ती वाळूवरून अलगद सरकली आणि पाण्यावर आली.

पुढची बाजू दोन बोटं खाली बसली. तांबडी रेघ पाण्याखाली गेली.

"बॅटरी जड झाली," तेजराम म्हणाला, आणि गुडघाभर पाण्यात शिरून त्याने बॅटरी मधल्या जागेत सरकवली.

नाव तशीच राहिली.

त्याने बर्फाचा डबा उचलून वाळूवर ठेवला. मग बॅटरीही. नांगर, दोर, वल्ही काढली. बाबा बघत होते. तेजरामच्या कानशिलावर घाम आला. त्याने पाना घेऊन मोटारीचे बोल्ट सोडवले, मोटार छातीशी धरून काठावर आणली आणि वळून पाहिलं.

रिकामी नाव. मागचं टोक पाण्यावर तरंगत वर आलेलं. पुढचं टोक आता चार बोटं खाली.

बुडाचं बूच निघालं असेल म्हणून त्याने आत हात घालून पाहिलं. बूच घट्ट होतं. रबर कोरडं ठणठणीत होतं, उन्हाने तापलेलं.

त्याने पुढच्या टोकाखाली दोन्ही हात घातले आणि वर रेटलं. ही नाव त्याने एकट्याने टेम्पोतून उतरवली होती. आता तिचं टोक हाललंही नाही.

"किती भरन?" बाबांनी विचारलं.

"काय?"

"वजन. पुढचं."

माशाचं वजन नजरेने सांगण्यात तेजरामचा हात धरणारं कोणी नव्हतं. सवयीने तो बोलून गेला.

"साठ... पासष्ट किलो."

"इसरू किती भरत होता गा?"

...

 तेजरामची नजर नावेच्या कडेवर गेली होती. पुढच्या फळीजवळ, डाव्या अंगाला, पत्र्यावर चार ओले ठसे होते. शेजारी शेजारी, बोटांएवढे. उन्हात तो पत्रा इतका तापला होता की हात टेकवत नव्हता.

त्याने खांद्यावरच्या दुपट्ट्याने ते पुसले.

पत्रा कोरडा झाला. मग एकेक करून चारही पुन्हा उमटले.

त्याने पुन्हा पुसले, जोर लावून. दुपट्ट्याला गाळाचा वास आला. ठसे परत आले, आणि आता त्यांच्यातून पाणी ओघळत होतं.  तेजराम तिथेच पाण्यात खाली बसला.

"तेनं काठ धरला होता, बाबा."

बाबांनी जाळं बाजूला ठेवलं.

"म्या खोटं सांगतलं सगळ्यायले. तेचा डोंगा उलटला तवा मी धा हातावर होतो. तो पवत माह्यापाशी आला. डोंग्याचा काठ धरला. म्हने, तेजा, वर घे."

"मंग?"

"पुढच्या फळीवर मासोळीचे टोपले होते. दोन. गच्च भरले. त्या दिसी लय मासोळी लागली होती. मी म्हटलं, जागा नाई. म्हटलं, थांब, टोपले काठावर टाकतो अन् येतो."

"थांबला तो?"

"तेनं काठ सोडला नाई..."

"मंग?"

"मंग म्या सोडवला."

"कसा?"

तेजरामने डावी मूठ आवळली, काठ धरल्यासारखी. मग उजव्या हाताने तिचं एक बोट उचललं. मग दुसरं. मग तिसरं. चौथ्या बोटाशी त्याचा हात थांबला आणि तो ढसाढसा रडायला लागला.

बाबांनी त्याला रडू दिलं.

"मी परत आलो होतो, बाबा," तो हुंदके देत म्हणाला. "बिडी विझत नाई तेवढ्या येळात टोपले टाकून परत आलो. तुमची आन. तो नोता."

"ठाव हाये."

तेजरामने वर पाहिलं.

"तू नेला तो डोंगा माहा होता," बाबा म्हणाले. "त्या दिसी सांजच्याले धुवाले घेतला, तं पुढच्या फळीवर खवले होते."

"वर्स झालं. तुमी बोलले नाई?"

"तू बोलला नाई."

डोहाकडून एक थंड झुळूक आली आणि गेली. पलीकडच्या घाटावर धुणं आपटल्याचा आवाज येत होता. रेवंता असणार. या वेळेला तीच असते, आणि डोहात नाव दिसली की हातातलं धुणं थांबवून बघत राहते.

आवाज ऐकून तेजराम उठला. तोंडावर पाणी मारलं. त्याने मोटारीकडे पाहिलं, बॅटरीकडे पाहिलं, त्या काचेकडे पाहिलं. एकाही वस्तूला त्याने हात लावला नाही. वाळूवरून एक वल्हं तेवढं उचललं.

"जातो, बाबा. सांगतो तिले."

"काय सांगशीन?"

"बोटायचं सांगतो."

बाबांनी मान हलवली.

तेजराम नावेत चढला. मागच्या फळीवर बसला. नाव एकदा डुलली आणि स्थिर झाली. पुढचं टोक सावकाश वर आलं, मागचं खाली गेलं, आणि तांबडी रेघ चारही बाजूंनी पाण्याला टेकली. दोन माणसांसाठी ओढलेली रेघ. तिने जसं तरंगावं म्हणून तो महिनाभर खपला होता, तशी ती आता तरंगत होती.

ते त्याच्याही लक्षात आलं. त्याने वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. समोर पुढची फळी मोकळी होती. फळीपलीकडे डोहाचं काळं पाणी, आणि त्याच्याही पलीकडे घाट.

"बाबा..."

"काय गा?"

"तुमी बी चला ना. मले एकट्याले नाई जमन."

बाबा उंबराखालून उठले. पाण्यात उतरले आणि नावेपाशी आले. त्यांनी खांद्यावरचा धुतलेला, कोरडा शेला काढला, त्याची नीट घडी घातली आणि पुढच्या फळीवर अंथरला. तेजरामला हायसं वाटलं. आठ दिवस अडून बसलेला म्हातारा एकदाचा राजी झाला असं वाटून त्याच्या जिवात जीव आला.

"या, बसा," तो म्हणाला. "झाली ना नाव आता?"

"झाली."

"मंग बसा ना, बाबा. पयली खेप तुमची. पुढची फळी तुमच्यासाठीच मोकळी केली."

बाबा बसले नाहीत. दोन पावलं मागे सरले आणि हात जोडून उभे राहिले. ते तेजरामकडे पाहत नव्हते.

फळीवरचा शेला मधोमध दबला. मग कडेपासून हळूहळू भिजत गेला.

"कोठं हाये गा जागा?" बाबा म्हणाले.